तेच झाड, तोच राक्षस, तरी तासन्‌तास खेळ: फुकट गेममधल्या 'ग्राइंडिंग'चं व्यसन का लागतं?

मागच्या दिवाळीत धुळ्याला घरी गेलो होतो. देवपूरच्या घरात ओट्यावर मावसभाऊ मोबाईल घेऊन बसलेला. पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी ग्राउंड, दुपारी अभ्यास आणि उरलेल्या वेळात गेम. गेममध्ये त्याचा गडी कुऱ्हाड घेऊन झाड तोडत होता. झाड पडायचं, लाकूड मिळायचं, झाड परत उगवायचं. अर्धा तास हेच चाललं होतं.

शेजारी बसलेली आजी हे सगळं बघत होती. शेवटी तिनं अहिराणीत विचारलंच, "दिनभर झाडेच तोडी ऱ्हायना तू. मजुरी कितली भेटस?"

सगळे हसले. मी पण हसलो, पण जरा कमी. कारण लॉकडाऊनमध्ये मीही असाच एक गेम खेळायचो. एके दिवशी प्रोफाइल उघडून बघितलं तर त्यात 611 तास दिसले. रोज आठ तासांची ड्युटी धरली तर हे 76 दिवसांचं काम झालं, आणि तेही बिनपगारी.

आजीनं आयुष्यभर कापूस वेचलाय. तेच तेच काम करण्यात काय मजा असते, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? मग जे काम शेतात नकोसं होतं, तेच मोबाईलमध्ये आपण रात्री दोनपर्यंत जागून का करतो?

ग्राइंडिंग म्हणजे नेमकं काय?

रोलप्लेइंग गेममध्ये तुमचं एक पात्र असतं. ते झाडं तोडतं, मासे पकडतं, राक्षस मारतं. प्रत्येक कामाचे अनुभव-गुण मिळतात, म्हणजे गेमर्सच्या भाषेत 'एक्सपी'. ते साठले की लेव्हल वाढते. लेव्हल वाढवायची म्हणून तेच काम शेकडो वेळा करत राहणं म्हणजे ग्राइंडिंग, थोडक्यात दळण दळणं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 'रुनस्केप'. हा ब्रिटिश गेम जानेवारी 2001 मध्ये आला. त्यात एखाद्या कौशल्याची लेव्हल 99 पर्यंत न्यायची तर 1 कोटी 30 लाख 34 हजार 431 एक्सपी लागतात.

आता खरी गंमत बघा. साधं झाड तोडलं की 25 एक्सपी मिळतात. लेव्हल 1 वरून 2 वर जायला लागतात फक्त 83, म्हणजे चार झाडं तोडली की काम झालं. पण 98 वरून 99 वर जायला? तीच साधी झाडं तोडत बसलात तर 49 हजारांहून जास्त. लेव्हल 92 ला पोचल्यावर वाटतं की आता आलंच. हिशोब केला तर कळतं, आत्ता कुठे अर्धा रस्ता झालाय.

सुरुवात एवढी सोपी ठेवलेली असते ती उगाच नाही. पहिल्या दहा मिनिटांत पाच-सहा वेळा जिंकल्यासारखं वाटतं आणि त्याच चवीच्या मागे माणूस पुढचे शेकडो तास घालवतो.

मेंदूत काय होतं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दाणा मिळायचा. ठरावीक चोचींनंतर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा खाऊन थोडं थांबायचं. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तेव्हा ते न थांबता चोच मारत राहायचं. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी 1957 साली यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं.

गेममध्ये हेच घडतं. राक्षस मारला की एक्सपी नक्की मिळतात, पण दुर्मीळ तलवार मिळेलच असं नसतं. कदाचित पुढच्या वेळी मिळेल, कदाचित त्याच्या पुढच्या. 'अजून एकदाच' हे वाक्य येतं ते इथून.

याच्या जोडीला डोपामाइन. वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की डोपामाइनच्या पेशी सगळ्यात जास्त चेतवतात ते अनपेक्षित बक्षिसानं. बक्षिसाची खूण ओळखीची झाली की त्या खुणेलाच चेतवतात. म्हणून बक्षीस हातात येण्याआधीच, नुसत्या आवाजानं किंवा चमकणाऱ्या पेटीनं मन उसळतं.

पण एवढंच कारण नाही

मावसभावाला विचारलं, "तुला यात आवडतं काय?" तो म्हणाला, "दादा, इथं मेहनत वाया जात नाही."

या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. भरतीची जाहिरात कधी निघेल, त्याच्या हातात नाही. ग्राउंड चांगलं गेलं तरी मेरिट कुठे लागेल, सांगता येत नाही. मामाच्या शेतात कापूस फुटला की नेमका पाऊस येतो आणि वर्षाची मेहनत काळी पडते. गेममध्ये मात्र झाड तोडलं की 25 एक्सपी पडणारच. पट्टी थोडी का होईना, पुढे सरकणारच.

म्हणजे ग्राइंडिंग करणारा पोरगा आळशी असतो असं नाही. उलट त्याला मेहनतच करायची असते. फक्त जिथे मेहनतीचं फळ लगेच डोळ्यांना दिसतं, तिकडे तो वळतो.

गेम फुकट, मग कंपनी कमावते कशी?

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फुकट गेम गावागावांत पोचले. खेळायला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते वाट बघायची नसेल तेव्हा.

2020 साली आलेल्या 'गेनशिन इम्पॅक्ट'चंच घ्या. बहुतेक बक्षिसं घ्यायला 'रेझिन' नावाची शक्ती खर्च होते. ती दर 8 मिनिटांनी एक अशी भरते, जास्तीत जास्त 200. म्हणजे साधारण 27 तासांत टाकी फुल्ल. त्यानंतर गेम उघडला नाही तर पुढची शक्ती वाया. त्यामुळे रोज एकदा तरी यावंच लागतं. नवं पात्र मिळवायची सोडत वेगळी. त्यात वरच्या दर्जाचं बक्षीस निघायची शक्यता मुळात 0.6 टक्के असते आणि 90 वेळा खेचल्यावर ते नक्की मिळतं. 70 वेळा खेचून झालेला माणूस मागे फिरेल का?

बहुतेक लोक एक रुपयाही देत नाहीत. पण त्यांची गर्दी असते म्हणून पैसे देणाऱ्याला मिरवता येतं.

आजीच्या प्रश्नाचं एक उत्तर मात्र जगात आहे. व्हेनेझुएलात महागाईनं चलनाची किंमत संपली, तेव्हा तिथले लोक रुनस्केपमध्ये राक्षस मारून सोनं जमवायचे आणि परदेशी खेळाडूंना विकून घर चालवायचे. हे नियमाबाहेरचं होतं, खाती बंदही व्हायची. पण त्यांना मजुरी खरंच मिळत होती.

मग हे व्यसनच म्हणायचं का?

सरसकट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तीन खुणा बघतात: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही. हे साधारण 12 महिने चालू असेल आणि घर, अभ्यास, काम यांवर ठळक परिणाम होत असेल, तर डॉक्टर तसं निदान करतात.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यातली बंदी आहे पैसे लावून खेळायच्या गेमवर. फुकटात झाडं तोडायच्या गेमला ती लागू होत नाही. इथे लागतो तो वेळ, आणि त्याचा हिशोब आपला आपल्यालाच ठेवावा लागतो.

काय करता येईल?

- गेममध्ये किंवा फोनच्या सेटिंगमध्ये एकूण खेळलेले तास बघा. आकडा आठने भागा. तेवढे कामाचे दिवस झाले.
- गेमची नोटिफिकेशन बंद करा. रोजच्या बक्षिसाची आठवण गेमनं करून द्यायची गरज नाही.
- पुढची लेव्हल सुरू करण्याआधी ती किती तासांची आहे ते काढा.
- थांबायची वेळ आधी ठरवा. 'लेव्हल झाली की थांबतो' असं ठरवू नका, कारण लेव्हल संपत नाही.
- झोप, जेवण, अभ्यास सुटत असेल तर 14416 वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

घरच्यांसाठी एकच सांगणं. फोन हिसकावण्याआधी गेममध्ये काय मिळतं ते विचारा. आजीनं तेच केलं होतं.

कापूस वेचणाऱ्या बाया संध्याकाळी काट्यावर वजन करून घरी जातात, दिवस तिथे संपतो. गेममध्ये संध्याकाळ होतच नाही, ती आपल्याला करावी लागते. मावसभावानं गेम डिलीट केलेला नाही. पण परवा फोनवर म्हणाला, 340 तास निघाले. मग थोडं थांबून म्हणाला, "आजीले नको सांगू."