खंदक का खणावे लागतात?

माझा मुलगा सध्या नॅशनल सर्व्हिस करतो आहे. मध्यंतरी एका शनिवारी तो पाया लेबारच्या आमच्या घरी आला, तो तळहातांवर फोड घेऊनच. खंदक खणण्याचे शिक्षण चालले होते. आईकडून मलम लावून घेता घेता त्याने विचारले, "बाबा, पहिल्या महायुद्धात माणसे वर्षानुवर्षे असल्या खड्ड्यांत का बसून राहिली? वळसा घालून पलीकडे का गेली नाहीत?"

त्याच्या डोळ्यांपुढे फ्रान्स होता. मी मात्र उत्तर आपल्या माणसांवरून दिले. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धावर किती जण गेले आणि त्यांतले किती मेले, एवढेच तिच्यावर इंग्रजीत कोरले आहे. नावे नाहीत. आपल्यापैकी अनेकांनी अशी पाटी आपापल्या गावी पाहिली असेल.

महाराष्ट्रातील बरीच माणसे तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढली. तिथल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. सुरुवातीला हे युद्ध धावतेच होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा पडले. मे १९१५ च्या अखेरीस पुराच्या पाण्यातून होड्या ढकलत सैन्याने कुर्ना येथील तुर्कांना हटवले. ३ जूनला अमारा हाती आले, सप्टेंबरअखेर कुत. पुढे बगदाद दिसू लागले.

पण प्रत्येक विजयागणिक सैन्य बसऱ्यापासून दूर जात होते. रेल्वे नव्हती, रस्ते नव्हते. दाणागोटा, दारूगोळा आणि जखमी यांची सगळी भिस्त टायग्रिसमधल्या थोड्याशा बोटींवर. उलट मागे हटणारा तुर्क आपल्या कोठाराच्या जवळ येत होता. त्याला नवी कुमक लवकर मिळे. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, टेसिफॉनला, खंदकांच्या दोन रांगा आडव्या आल्या. पहिली घेतली, दुसरी घेता आली नाही. चार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि सैन्य मागे फिरून कुतमध्ये आले. ७ डिसेंबरपासून तिथे वेढा पडला.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कुत सोडवायला निघालेल्या सैन्याला तुर्कांनी हन्ना आणि सन्नाइयात येथे अडवले. एका बाजूला टायग्रिस, दुसऱ्या बाजूला सुवैकियाची दलदल, मधे अरुंद सपाट पट्टी. बगल अशी उरलीच नाही, तर वळसा कुठून घालणार? फ्रान्समध्येही १९१४ च्या शरदात दोन्ही सैन्ये एकमेकांच्या बगलेला जाऊ पाहत उत्तरेकडे सरकत गेली, ती समुद्र लागेपर्यंत. दुसरे टोक स्वित्झर्लंडला टेकलेले. मग समोरून धडक मारण्याखेरीज मार्ग राहत नाही. आणि उघड्या मैदानावर मशीनगन व रायफलींपुढे बसलेल्या एकाचे बळ चालून येणाऱ्या अनेकांना भारी पडते.

वळसा घालण्याचा प्रयत्नही झाला. ८ मार्च १९१६ च्या पहाटे नदीच्या दक्षिणेकडून रातोरात चालत गेलेले सैन्य दुजैला येथील मोर्चाजवळ पोहोचले. मोर्चात फारसे कोणी नव्हते. पण तोफखान्याची तयारी होईपर्यंत थांबायचे ठरले. तेवढ्या तासांत तुर्कांनी माणसे आणून मोर्चा भरला. हल्ला झाला आणि फसला. फट सापडली तरी ती मिटण्याआधी तिच्यातून पार जावे लागते, हे तिथे कळले.

२९ एप्रिल १९१६ रोजी कुतने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना सोडवू पाहणाऱ्या सैन्याचे मृत व जखमी सुमारे तेवीस हजार. कैद्यांपैकी हजारो जण पुढच्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले.

कोंडी फुटली ती रसदीची घडी बसल्यावर. बसऱ्याला धक्के बांधले, बोटी वाढवल्या, रेल्वे घातली. फेब्रुवारी १९१७ मध्ये शुमरानच्या वळणावर नदी ओलांडून सैन्य तुर्कांच्या मागे जाऊ लागले आणि ११ मार्चला बगदाद पडले. युद्ध पुन्हा धावू लागले.

म्हणून मी मुलाला सांगितले की खंदकामुळे युद्ध थांबत नाही. पाठीमागची रसद तुटत येते, शत्रूची बगल सापडत नाही आणि मारा इतका होतो की उभे राहता येत नाही, तेव्हा माणूस जमिनीत शिरतो.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, पाया लेबार म्हणजे मलायमध्ये रुंद दलदल, ठाऊक आहे ना?" इतकी वर्षे इथे राहतो आहे, पण त्या दिवशी हा अर्थ वेगळाच ऐकू आला. रविवारी संध्याकाळी तो छावणीवर परत गेला. पुढच्या सुट्टीत गावी गेलो की त्याला आधी चावडीवर न्यायचे ठरवले आहे. पाटीवरचे ते दोन आकडे त्याने स्वतः वाचावेत.