खोडदच्या दुर्बिणीने काय पाहिले?

पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे अडला. अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी विजेच्या गाडीच्या गोंगाटात बुडतात, हे कारण खरे आहे. पण ज्यांची रेल्वे गेली, त्यांना या दुर्बिणीने काय पाहिले हे कुणी समजावून सांगितले काय? विज्ञान दिनाला तेथे प्रदर्शन भरते, मुले गर्दी करतात, हे मान्य. तेवढ्याने भागत नाही.

एकच उदाहरण घेऊ. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षे दूर दीर्घिकांचा एक समूह आहे. त्याच्या मधोमध एक महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेसारखे सर्पिल बाहू तिला नाहीत. अशा दीर्घिका शेजारच्या दीर्घिका गिळून वाढतात. तिच्या पोटात कृष्णविवर आहे. त्यात पडणाऱ्या पदार्थापैकी काही प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो आणि समूहातल्या तप्त वायूत पोकळी पडते.

२०१६ मध्ये ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात त्या वायूला एक वक्र कडा दिसली. ही पोकळीची भिंत असेल काय? शास्त्रज्ञांनी विचार केला, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती की त्यांनी ती शक्यता बाजूला ठेवली. वकिली भाषेत, आरोप सिद्ध झाला नाही. २०२० मध्ये खोडदच्या आणि ऑस्ट्रेलियातील एमडब्ल्यूए दुर्बिणीच्या नोंदी पुढे आल्या. रेडिओ लहरी नेमक्या त्याच कडेला भिडून होत्या! निकाल फिरला. आधीच्या विक्रमी स्फोटाच्या पाचपट ऊर्जेचा हा स्फोट. त्या पोकळीत आपल्यासारख्या १५ आकाशगंगा एका रांगेत मावतील. निकाल फिरवताना कुणाचे वय, कुणाची गादी आडवी आली नाही. पुरावा आला, एवढे पुरले.

आमच्या कोनला एक्सप्रेस-वेच्या दिव्यांत रात्री तारेसुद्धा धड दिसत नाहीत. हा स्फोट तर साध्या डोळ्यांना कुठूनही दिसणार नाही. म्हणूनच समजावून सांगणे हे उपकार नव्हेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्या जनतेच्या पैशाच्या आहेत.

माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की निर्णयाची कारणे बाधित लोकांना स्वतःहून कळवली पाहिजेत. तेव्हा रेल्वेने आणि दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी नकाशे व मोजमापे घेऊन जुन्नर तालुक्यातील ग्रामसभांपुढे यावे, आणि मराठीत बोलावे.