आजीच्या रिमोटवर आबांच्या कॅसेट

मागच्या दिवाळीपर्यंत आमच्या रामबागेतल्या घरात सहा माणसं होती, सात फोन होते आणि बैठकीच्या खोलीत गाणं मात्र वाजत नव्हतं. ज्याचं त्याचं गाणं ज्याच्या त्याच्या कानात. आजीकडे साधा बटणांचा फोन. तो आला की उचलायचा आणि बोलून झालं की ठेवायचा, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. तिचा टेपरेकॉर्डर चार वर्षांपूर्वी बंद पडला. दुरुस्त करणारा मिळाला नाही आणि आम्हीही फार शोधला नाही, हे कबूल करते.

आबांचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर कोपऱ्यात होते. त्यांच्यावर भरतकामाचा रुमाल आणि वर फुलदाणी. दर दिवाळीच्या आवराआवरीत "हे अटाल्यात देऊन टाकू" असा विषय निघायचा आणि आजी काही न बोलता रुमाल सरळ करायची. मागच्या दिवाळीत धाकट्या भावाने मोठा टीव्ही घेतला, तेव्हा मी म्हटलं, आता या स्पीकरनाच कामाला लावू. वाटलं होतं एका दुपारचं काम आहे. पुरे दोन महिने गेले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत असा रुमालाखालचा ॲम्प्लिफायर नक्की असणार.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, ब्लूटूथने. एक छोटी डबी ॲम्प्लिफायरला जोडली, भावाने फोन जोडला आणि भजन सुरू झालं. आजी पुढे सरकून बसली. पाचव्या मिनिटाला कर्ज विकणाऱ्या कुणाचा तरी फोन आला आणि त्याची रिंग त्या दोन मोठ्या स्पीकरमधून अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गाडी काढून निघाला आणि चालू गाणं फाटकापाशी तुटत तुटत बंद पडलं. आजी म्हणाली, "गाणं पण तुझ्याबरोबर ऑफिसला गेलं का रे?"

खरी अडचण तिने एका वाक्यात सांगितली होती. ब्लूटूथमध्ये फोन स्वतः डबा पोचवतो. गाणं नेटवरून फोनमध्ये येतं, तिथे पुन्हा आवळून बांधलं जातं आणि मग स्पीकरकडे जातं. फोन लांब गेला की डबा बंद. साधारण दहा मीटरची मजल असते, मध्ये भिंत आली की तीही कमी. शिवाय आवाज पोचायला थोडा उशीर होतो. नुसत्या गाण्यात तो कळत नाही, पण टीव्हीवरून ब्लूटूथ स्पीकरवर सिनेमा लावला की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. काही टीव्हींत हा उशीर जुळवून घ्यायची सोय असते, सगळ्यांत नसते.

दुसरा प्रकार मिररिंगचा. फोनच्या पडद्यावर जे आहे तेच टीव्हीवर. लग्नाचे फोटो दाखवायला उत्तम, पण सिनेमाला नाही, कारण फोन पूर्ण वेळ अडकून पडतो आणि वहिनीचा "दूध घेऊन ये" हा मेसेजही सगळ्यांना वाचायला मिळतो.

तिसरा प्रकार कास्टचा. गूगलने २०१३ मध्ये क्रोमकास्ट आणलं, तेव्हापासून हा शब्द घराघरांत आला. आता बहुतेक नव्या टीव्हींत तशी सोय आतच असते. ॲपलच्या फोनवाल्यांना त्यांचं एअरप्ले. कास्टमध्ये फोन डबा वाहत नाही, फक्त पत्ता सांगतो. टीव्ही त्या पत्त्यावरून गाणं किंवा सिनेमा स्वतः नेटवरून ओढून घेतो. एकदा सुरू झालं की फोनवर बोला, तो चार्जिंगला लावा, नाहीतर घेऊन सराफ्यात जा, घरातलं गाणं चालू राहतं. अट एकच: फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. पुण्याचा आतेभाऊ आला तेव्हा त्याला आम्ही पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क दिलं आणि "तुमचा टीव्ही दिसतच नाही" म्हणून तो अर्धा तास झटत बसला. चूक त्याची नव्हती.

आता नेटबद्दल. सिनेमा अडकू लागला तेव्हा कंपनीच्या माणसाने अर्थातच मोठा प्लॅन सुचवला. आमचा पन्नास एमबीपीएसचा होता. एचडी सिनेमाला साधारण पाच आणि फोर-केला पंधरा-वीस लागतात, म्हणजे प्लॅन भरपूर होता. आड येत होती ती भिंत. जुन्या घरांच्या हातभर जाडीच्या भिंती उन्हाळ्यात गार ठेवतात, पण वाय-फायला त्या गडासारख्या. राउटर दारापाशी, टीव्ही आतल्या खोलीत. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ भिंत बऱ्यापैकी ओलांडतो पण हळू असतो, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीपाशी थकतो. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांचीही गर्दी. आमच्याकडे कुणी भाजी गरम करायला ठेवली की नायकाचा चेहरा थिजायचा. शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत पंधरा मीटर केबल छताच्या कडेने नेली. बिनतारी सोहळ्याची सुरुवात अशी तारेनेच झाली. पण जे यंत्र जागचं हलत नाही त्याला तार द्यावी आणि हवा फोनसाठी मोकळी सोडावी, असं माझं आता ठाम मत आहे.

दुसरी तार टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत. नव्या टीव्हीमागे लाल-पांढऱ्या पिनांची जागा नसते. असते ती ऑप्टिकलची, म्हणजे प्रकाशाने आवाज नेणारी. महाराणी रोडवरून एक छोटं डबडं आणलं, जे हा प्रकाश जुन्या ॲम्प्लिफायरला समजेल अशा आवाजात बदलतं. पाच-सहाशे रुपयांत काम झालं. सगळं जोडलं आणि आवाजच नाही. दोनदा दुकानात गेले. तिसऱ्यांदा दुकानदार फोनवरच म्हणाला, "मॅडम, टीवी की सेटिंग में पीसीएम कर लो." टीव्ही सिनेमागृहासारखा गुंडाळलेला डॉल्बी आवाज पाठवत होता आणि स्वस्त डबड्याला साधा पीसीएमच कळतो. एवढी एक ओळ कुणी आधी सांगितली असती तर माझा एक रविवार वाचला असता, म्हणून तुम्हाला सांगते. आणखी एक: आमच्या टीव्हीचा ऑप्टिकल आवाज रिमोटने कमी-जास्त होत नाही. ॲम्प्लिफायरची गोल कळ फिरवावी लागते. भावाला हे गैरसोयीचं वाटतं. आजीला तीच कळ ओळखीची आहे.

मग मोठ्या उत्साहाने आजीसाठी गीतरामायण लावलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही छप्पन्न गाणी आठवड्याला एक अशी आली होती. फोनवर शफल चालू राहिला होता. दोन गाणी झाल्यावर आजीने हात वर केला. "अगं, राम अजून जन्मला नाही आणि तुझी लंका कुठून आली?"

शफल बंद करता येतो. खरा प्रश्न पुढे होता. आजीला हवं होतं ते कुठल्याच सेवेवर नव्हतं. आबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या मागे माळ्यावर दोन बिस्किटांच्या डब्यांत त्रेसष्ट कॅसेट. कुमार गंधर्व देवासला राहत, इंदूरहून तासाभराच्या वाटेवर, त्यामुळे आमच्याकडच्या त्या पिढीचे कान जरा बिघडलेलेच. आबा नोकरी सांभाळून गाणं ऐकत फिरायचे आणि घरीही बैठकी करायचे. कॅसेटमध्ये त्या घरगुती बैठकी, मंडळाच्या गणेशोत्सवातली नाट्यगीतं, मोठ्या आत्याच्या मंगळागौरीचे खेळ. विकतची सेवा कितीही घ्या, हे तिथे कधीच येणार नाही. आणि तिथे जे आहे तेही आपलं नसतं. करार संपला की कालपर्यंत असलेला सिनेमा आज यादीतून गायब होतो, पैसे भरणं थांबवलं की सगळंच.

सुदामा नगरच्या मावशीकडून एक डेक उसना आणला. डेकमधून तार साउंड कार्डात, तिथून लॅपटॉपमध्ये, आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. याला शॉर्टकट नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. मला आधी ते जड गेलं, मग मी कॅसेट लावून शेजारी भाजी निवडत बसू लागले. आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ द्यायची नाही, तिथे फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. कॅसेटची खरखर काढायचं बटण असतं, पण ते जपून. मी पहिल्या बैठकीची खरखर अगदी स्वच्छ काढली आणि ऐकते तर तानपुराही गेला! संगणकाला दोन्ही सारखेच वाटले. आता मी खरखर तशीच ठेवते. एका तासाचं रेकॉर्डिंग सहाशे एमबीच्या आसपास होतं, फ्लॅक प्रकारात साठवलं की बरंच कमी आणि आवाजात काहीच न गमावता. सगळ्याच्या दोन प्रती, एक घरात आणि एक भावाच्या ऑफिसच्या कपाटात.

भावाचा जुना लॅपटॉप आता राउटरशेजारी झाकण मिटून पडलेला असतो. त्यावर जेलीफिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याचंच ॲप टीव्हीवर. नेट बंद असलं तरी घरातलं घरात चालतं. फक्त एक काळजी: ते हुशारी करून नेटवरून माहिती शोधतं. आमच्या मंगळागौरीला त्याने कुठल्याशा परदेशी बँडचं चित्र चिकटवलं होतं. ती सोय बंद केली आणि प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कार्डाचा फोटो काढून त्या त्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठ म्हणून ठेवला.

या फोटोंनी काम सोपं केलं. आजीला मेनू कळत नाही, पण आबांचं अक्षर कळतं. टीव्ही लावला की चौकोनी रांगांत निळ्या शाईची ती कार्डं दिसतात. ती रिमोटचा बाण दाबत जाते, एका कार्डापाशी थांबते, मधलं बटण दाबते आणि उठून कळ फिरवते. दुपारी साडेतीनला घरात दुसरं कुणी नसतं तेव्हाही. परवा मी लवकर आले तर आबा कुणाला तरी तबला जरा उतरवायला सांगत होते आणि मागे कपबशा वाजत होत्या. आजी म्हणाली, "तो चहा मी केलेला."

मैफिलीतल्या कलाकारांचं गाणं आम्ही घरापुरतंच ठेवलं आहे, नेटवर चढवलेलं नाही. ते आपल्या हक्काचं नाही.

एकेचाळीस कॅसेट झाल्यावर मावशीचा डेकही थकला. बावीस राहिल्या आहेत. त्यातल्या एकीच्या कार्डावर आबांनी तारीख, राग काहीच लिहिलेलं नाही, फक्त आजीचं नाव आहे. यात काय आहे म्हणून विचारलं तर ती म्हणते, "लाव, मग कळेल." तेव्हा कुणाच्या घरी चालू स्थितीतला कॅसेट डेक रुमालाखाली असेल, तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवा. न्यायला मी येईन आणि परत आणूनही देईन.