माहूरची दत्तोपासना
नांदेड जिल्ह्यातील माहूर हे दत्तात्रेयाचे निद्रास्थान मानले जाते. रेणुकेचे हे पीठ. येथे सोनापीराचा दर्गाही आहे. महानुभाव दत्तास एकमुखी मानून पंचकृष्णांत त्याची गणना करतात; त्याने व्याघ्ररूपात चांगदेव राऊळांना येथेच शक्ती दिली, अशी त्यांची श्रद्धा आहे. इतर दत्तोपासक त्यास त्रिमूर्तिरूप समजतात. हा भेद मूर्तीपुरता नसून ईश्वरविषयक सिद्धांताचा आहे. तेव्हा सर्व पंथ एकच सांगतात, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. दैवत मात्र समान आहे. एकनाथांच्या चरित्रकथांत हाच दत्त देवगिरीस मलंगवेषात प्रकटतो. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांना परंपरेत चांद बोधले यांचे शिष्य म्हटले जाते. चांद बोधल्यांचेच दुसरे शिष्य, श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी हिंदू व मुसलमान यांचा ईश्वर एकच असल्याचे मराठीतून प्रतिपादले. योगसंग्राम हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय.