वाईनच्या गावी, मामांच्या घरी

"यंदा फेब्रुवारीत आम्ही दोन दिवस वाईनच्या गावाला जाऊन आलो," एवढेच मी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या जिन्यात बोललो, आणि शेजारचे दोघे गृहस्थ एकदम गंभीर झाले. मराठीचा प्राध्यापक, घरी माळकरी आई, आणि वाईन! पण वाचकहो, गाव कोणते म्हणाल तर दिंडोरी. आमच्या आईचे माहेर. मामाच्या गावाला जायला कुणाची परवानगी लागते?

ठाण्याला सकाळी तपोवन एक्सप्रेस गाठली. कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागली आणि गाडी थळ घाट चढू लागली, तेव्हापासून आमच्या कन्येने खिडकी सोडली नाही. नाशिकला पापड-दह्यासकट मिसळ झाली. डोळ्यांतले पाणी पुसत आम्ही दिंडोरीची वाट धरली.

वाटेवरच रामशेज. संभाजी महाराजांच्या काळात या एवढ्याशा किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. मलाही त्याने सहज दिली नाही. तीन ठिकाणी बसलो. वर पोचल्यावर मात्र वारा असा, की श्रम विसरावेत. खाली जिकडे पाहावे तिकडे द्राक्षबागांचे हिरवे चौकोन. उतरून मामांच्या ओसरीवर बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा आणि खुरासणीची चटणी अशी पंगत बसली. सौभाग्यवतींनी प्रथमच माझ्या भाकऱ्या मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन गंगापूर धरणाजवळच्या 'सुला'त गेलो. राजीव सामंत यांनी १९९७ साली तेथे वेली लावल्या, आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आली. आई म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी आपली बाहेर झाडाखाली बसते."

आत पोलादी टाक्यांची रांग. खायच्या द्राक्षाची साल पातळ असते. वाईनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे. लाल वाईनचा रंग येतो तो गरातून नव्हे, सालीतून. किण्व रसातली साखर खाते आणि तिचे मद्य करते. म्हणून टाक्या थंड ठेवून त्याचा वेग आवरावा लागतो. मी पेल्यातला घोट घेतला. आंबट-तुरट लागला. लगेच पत्नीला ऐकवले, की कौटिल्यानेही द्राक्षांच्या मद्याची नोंद केली आहे, त्यात कापिशायन नावाचा एक प्रकार आहे, वगैरे. मामा शेजारी उभे राहून ऐकत होते.

परतताना ते सहज म्हणाले, "या द्राक्षाची दोन एकर बाग होती माझी."

२००१ साली सरकारने वाईनला उत्तेजन देणारे धोरण आणले. पुढे अनेकांनी लावली तशी मामांनीही लावली. २००८ च्या अखेरीस मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. ज्यांनी माल घ्यायचा, त्यांनी हात वर केले. घड वेलीवरच सुकले. २००९ च्या उन्हाळ्यात मामांनी बाग तोडली.

"कुऱ्हाड गड्याच्या हाती दिली नाही," ते म्हणाले. "आपण लावलेलं आपणच तोडावं. त्या दिवाळीला तुझ्याकडं आलो होतो बघ."

मला आठवले. चहा झाला, चकली झाली, आणि मी मामांना अर्धा तास मद्यपानाचे दुष्परिणाम समजावून सांगितले होते. "गळ्यात माळ घालून दारूची द्राक्षं पिकवता?" असेही विचारले होते. ज्या बागेवरून मी विचारीत होतो, ती तेव्हा जमिनीवर उरलीही नव्हती. मामा आले होते ते नवी बाग लावायला थोडे पैसे मागायला.

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"तू बोलत होतास ना."

गाडीत कुणी काही बोलले नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "दादा, ती द्राक्षं दाखव मला." मामांनी आता पुन्हा एक एकर लावली आहेत; या खेपेस लेखी करार करून. आईने घडातला एक मणी तोंडात टाकला. "गोड आहे रे," ती म्हणाली, आणि बिया हातात घेऊन बराच वेळ तेथेच उभी राहिली.

तुम्हांला जायचे असेल, तर जानेवारी ते मार्च या दिवसांत जा. तोडणी तेव्हा चालते. आत्ता दिवाळीत वेलींना नुकते फुटवे आलेले असतात. मामांचा परवाच फोन आला. छाटणी झाली आहे, पण आभाळ भरून येते आहे. या दिवसांत पाऊस झाला, की फुटव्यांवर डावनी रोग पडतो. फवारणीचा खर्च वाढणार.

"किती लागतील, मामा?" एवढेच मी विचारले, आणि गप्प बसून ऐकत राहिलो.