केंब्रिजचे गायरान

आपल्या कल्याण, मुरबाड, शहापूरकडील काही घरांतली मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी इंग्लंडात राहू लागली आहेत. मागोमाग त्यांचे आई-वडीलही चार-सहा महिने तिकडे राहून येतात. ही मंडळी लंडन पाहतात, राजवाडा पाहतात आणि एखादा दिवस केंब्रिजला जाऊन येतात. परत आल्यावर 'काय पाहिले?' असे विचारावे तर उत्तर मिळते, 'जुनी कॉलेजे, मोठे चर्च आणि नदीतल्या होड्या.' उत्तर खोटे नाही. पण शेतकऱ्याने मुद्दाम पाहावे असे त्या शहरात जे आहे, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात मला तिथे दोन दिवस राहायला मिळाले, म्हणून हा लेख.

जाणे अवघड नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून जलद गाडीने पाऊण-एक तासात केंब्रिज येते. म्हणजे कल्याणहून जलद लोकलने मुंबईला जायला लागतो तेवढाच वेळ, फक्त बसायला जागा मिळते! जायचा दिवस ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. एप्रिल ते जून हा तिकडे परीक्षांचा हंगाम असतो. त्या दिवसांत पुष्कळ कॉलेजे पाहुण्यांना आत सोडत नाहीत. तेव्हा जुलै-ऑगस्ट बरा, किंवा आधी चौकशी करून जावे.

विद्यापीठाचा आरंभ १२०९ सालचा. ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी तंटा झाला, म्हणून तिथले काही विद्वान उठून इकडे आले. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. त्याच्याही ऐंशी वर्षे आधी इथे पाठ सुरू झाले होते. आज तिथे ३१ कॉलेजे आहेत. प्रत्येकाचे राहणे-जेवणे स्वतंत्र, परीक्षा मात्र विद्यापीठाची. किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर सगळे पाहतात, तुम्हीही पाहा. १४४६ साली पाया घातला आणि दगडी काम १५१५ साली पुरे झाले. वरचे छत पंख्यासारखे पसरलेले आहे आणि ते सगळे दगडाचे! त्याच कॉलेजने आपल्या शोभेच्या हिरवळीचा एक तुकडा मोडून तिथे रानफुलांचे कुरण केले. २०२१ साली त्या कुरणाचे गवत शायर जातीच्या थोराड घोड्यांकडून कापून घेतले. यंत्रांच्या देशात हे घडले, याचे मला मोठे नवल वाटले.

आता ज्यासाठी लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो. बाजारपेठेतून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की नदीकाठी 'मिडसमर कॉमन' नावाचे मोठे मोकळे माळरान लागते. चोहोबाजूंनी घरे, रस्ते, सायकली आणि मधोमध गाई चरत असतात. बागेत शोभेला ठेवलेल्या म्हणाल तर तसे नव्हे. हे त्या शहराचे गायरान आहे. शहरवासीयांना तिथे गुरे चारण्याचा हक्क जुन्या काळापासून आहे. शहर वाढले, जमिनीला सोन्याचा भाव आला, तरी गायरान गायरानच राहिले. असे एकच नाही. शीप्स ग्रीन, को फेन, स्टोरब्रिज कॉमन अशी आणखीही आहेत.

त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चराई, पुढे बंद. हिवाळ्यात गवत वाढत नाही आणि ओल्या जमिनीत खुरांनी चिखल होतो, म्हणून कुरणाला विश्रांती. वाटेच्या तोंडाशी जमिनीत लोखंडी दांड्यांची जाळी बसवलेली असते. तिच्यावरून माणूस जातो, सायकल जाते, पण गुरू पाय टाकत नाही. नगरपालिकेकडे 'पिंडर' अशी नेमणूक असते. या शब्दाचा मूळ अर्थ कोंडवाड्याचा रखवालदार! एखादी गाय नदीत घसरली किंवा रस्त्यावर आली की त्याला बोलावतात. आपल्या गावचे कोंडवाडे ओस पडले आणि त्या विद्यापीठाच्या शहरात कोंडवाडेवाला अजून कामावर आहे.

मिडसमर कॉमनवर चरणारी गुरे म्हणजे 'रेड पोल' जातीची. रंग तांबडा, शिंगे नाहीत. जशी आपल्या इगतपुरी-अकोल्याच्या पावसाळी मुलखाची डांगी, तशी ही त्या पूर्व इंग्लंडची स्वतःची जात. दुधासाठी पाळतात, मांसासाठीही पाळतात.

याच माळावर दर जूनमध्ये जत्रा भरते. तिला राजाची सनद मिळाली १२११ साली आणि ती आजही भरते. आरंभी शहराचे महापौर मुलांकडे नाणी उधळतात. मला आपल्या मुरबाडच्या म्हसा जत्रेची आठवण झाली. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या दर्शनाला आपण जातो, बैलबाजार पाहतो, घोंगड्या घेतो. आपलीही जत्रा तशीच जुन्या वळणाची आहे. तिला जागा लागते, आणि जागा मोकळी राहिली तरच जत्रा राहते.

कल्याण काही कालचे गाव नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. दुर्गाडीखालच्या खाडीत एके काळी गलबते लागत. १९८३ साली महानगरपालिका झाली आणि आसपासची भातखाचरे बघता बघता इमारतींखाली गेली. स्वतःचे शेत विकायचे की ठेवायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. घरच्या अडचणी बाहेरच्याला कळत नाहीत. पण गायरान कोणा एकाचे नसते. माझ्या नोकरीत मी हेच पाहिले की, गायरानावर आधी एक टपरी येते, मग चार पत्र्याच्या खोल्या येतात, आणि गावाला जाग येते तेव्हा उरलेल्या तुकड्यावर कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होत असतात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याबद्दल राज्यांना स्पष्ट आदेश दिलेले आहेत. तुमच्या गावच्या गायरानाचा सातबारा काढा. क्षेत्र किती आहे ते पाहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. जे उरले असेल ते पावसाच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात चराईला बंद ठेवा आणि स्टायलोचे बी फेका. दोन पावसाळ्यांत फरक दिसतो.

केंब्रिजमध्ये आपली माणसेही भेटतात, म्हणजे त्यांची आठवण भेटते. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर सेंट जॉन्स कॉलेजात शिकले. १८९९ साली गणिताच्या परीक्षेत ते एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले. तो 'सीनियर रँग्लर'चा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. नंतर ते परत आले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांची कन्या शकुंतलाबाईही केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या. भगिनींनो, त्या काळी तिथे मुली परीक्षा देत, उत्तीर्ण होत, पण विद्यापीठ त्यांना पुरी पदवी देत नसे. ती १९४८ पासून मिळू लागली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे आपण जाणतो. पण जीझस कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकले आणि त्या विषयाचे बक्षीस त्यांनी पटकावले, हे थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे कॉलेज मिडसमर कॉमनच्या जवळच आहे.

ट्रिनिटी कॉलेजच्या दाराजवळ न्यूटनच्या सफरचंदाचे झाड दाखवतात. मूळ झाड त्याच्या गावी. हे १९५४ साली लावलेले, त्याच्या वंशातले. वनस्पती उद्यानातही एक होते. २०२२ च्या फेब्रुवारीत वादळाने ते पडले, पण माळ्यांनी त्याचे कलम आधीच बांधून ठेवले होते. कलमाचे महत्त्व आंबेवाल्यांना वेगळे सांगायला नको.

शेवटी ट्रम्पिंग्टनला जरूर जा. शहराच्या दक्षिण टोकाला आहे, बस मिळते. गव्हाचा तांबेरा रोखण्याची शक्ती एका पिढीतून दुसऱ्या पिढीत ठरावीक नियमाने जाते, हे केंब्रिजच्या बिफेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवून दिले. नंतर त्याच्याच हाताखाली १९१२ साली वनस्पती पैदास संस्था निघाली. पुढे ती ट्रम्पिंग्टनला आली. तिथल्या गल्लीचे नाव मॅरिस लेन, म्हणून तिथे निघालेल्या वाणांच्या नावांत 'मॅरिस' आले. १९६६ सालचा 'मॅरिस पायपर' बटाटा आजही इंग्लंडच्या घराघरांत शिजतो. आपल्याकडे कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'कर्जत-३' दिला, तशातला हा प्रकार. पण १९८७ साली सरकारने ती संस्था एका खाजगी कंपनीला विकली. जिथे गव्हाचे वाफे होते तिथे आता नव्या वसाहती उभ्या आहेत. म्हणजे गायरान राखणाऱ्यांनाही बियाण्याचे शेत राखता आले नाही. कर्जतचे केंद्र आपल्याच लोकलच्या वाटेवर आहे. तिकडे निदान एकदा तरी सगळ्यांनी जाऊन यावे.

एक सूचना मात्र पक्की ध्यानात ठेवा. तिकडचे बी, कंद, रोप किंवा कलमाची काडी खिशात घालून आणू नका. आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय ते आणणे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय एका काडीबरोबर नवा रोग गावात येऊ शकतो. तिकडच्या गोठ्यात किंवा शेतात गेला असाल, तर निघण्यापूर्वी बुटांची माती घासून धुवा. मॅरिस पायपर दुकानात मिळतो. तो तिथेच उकडून, मीठ-मिरची लावून खावा.