तेल मोजलं कुठे, ते आधी सांगा!

भारताच्या तेल उत्पादनाचा सरकारी तक्ता काढा आणि राज्यांची नावं वाचत जा. आसाम, गुजरात, राजस्थान, आंध्र, तमिळनाडू, अरुणाचल... महाराष्ट्र कुठेच नाही. आणि देशातलं सगळ्यात नावाजलेलं तेलक्षेत्र तर मुंबईच्या नावाचं! फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगला मुंबई हायचं तेल लागलं, मे १९७६ पासून ते वर येऊ लागलं. पण ते किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात आहे, आणि राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार समुद्रतळाखालची खनिजं केंद्राच्या मालकीची. म्हणून हे तेल ‘ऑफशोअर’ नावाच्या वेगळ्या रकान्यात जातं आणि रॉयल्टी केंद्राच्या तिजोरीत. पाइपलाइन उरणला किनाऱ्यावर येते, प्रकल्प रायगड जिल्ह्यात उभा आहे, तरी तक्त्यात महाराष्ट्र कोराच.

तेलाची आकडेवारी वाचताना हा पहिला धडा. किती मोजलं हे नंतर, कुठे मोजलं हे आधी विचारायचं.

लिटर, किलो, घनमीटर, बॅरल

एकाच घरात बघा. स्कूटरला पेट्रोल लिटरवर, रिक्षाला सीएनजी किलोवर, स्वयंपाकघरातला पाइपचा गॅस घनमीटरवर आणि सिलिंडर १४.२ किलोचा. टीव्हीवरच्या बातमीत मात्र बॅरल! सरकारी हिशोबात खनिज तेल आणि त्यापासून बनणारे पदार्थ टनांत उतरतात, नैसर्गिक वायू तेवढा घनमीटरमध्ये राहतो. एका टनात साधारण १४०० लिटर पेट्रोल बसतं, डिझेल मात्र १२०० लिटरच, कारण ते जड. सिलिंडर धरले तर एका टनाचे सत्तर.

एवढा टनांचा आग्रह का? उत्तर पंपावर बघायला मिळतं. सकाळी टँकर आला की तो लगेच उतरवत नाहीत. आधी थोडा वेळ स्थिर उभा करतात. मग झाकण उघडून डिपरॉड सोडून पातळी बघतात, टोकाला पेस्ट लावून तळाशी पाणी नाही ना, याची खात्री करतात. काचेच्या उंच भांड्यात नमुना घेतात, त्यात हायड्रोमीटर तरंगत सोडतात आणि थर्मामीटर बुडवतात. दोन्हींचे आकडे जाडजूड तक्त्याशी ताडून डेन्सिटी काढतात, म्हणजे १५ अंश सेल्सिअसला त्या पेट्रोलची घनता किती असती ते. चलनावरच्या आकड्याशी ती घनमीटरमागे ३ किलोच्या फरकात जुळली, तरच माल खाली होतो.

कारण पेट्रोल उन्हात फुगतं. अंशाला साधारण हजारात एक भाग. १२ हजार लिटरचा टँकर १५ अंशांवरून ४० अंशांवर गेला, तर एक थेंबही न ओतता सुमारे तीनशे लिटर ‘वाढतात’. जळगावचा मे महिना आणि सिमल्याचा जानेवारी यांची बेरीज लिटरमध्ये करायला गेलं, तर हिशोब कधीच लागणार नाही. वजन मात्र ऊन-थंडीला दाद देत नाही. पंपावरच्या फलकावर रोज लिहिलेली डेन्सिटी बहुतेक जण वाचतही नाहीत. वाचावी; राष्ट्रीय हिशोबाचं ते सगळ्यात खालचं टोक आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोर असतं.

ओतलं ४२, निघालं ४५

अमेरिकेत मोजमाप आकारमानावर चालतं, म्हणून तिथे एक गंमत होते. बॅरलमध्ये ४२ गॅलन कच्चं तेल, आपल्या मापाने १५९ लिटर. शुद्धीकरणातून त्याचे जे पदार्थ निघतात ते मिळून सुमारे ४५ गॅलन भरतात! जड तेलाचे हलके पदार्थ झाले की ते जास्त जागा घेतात. अमेरिकी आकडेवारीत या वाढीसाठी स्वतंत्र रकाना असतो. आपल्याकडे हिशोब वजनाचा, त्यामुळे चित्र उलटं. आत गेलेल्या तेलापेक्षा बाहेर आलेला माल थोडा कमीच भरतो, कारण रिफायनरी स्वतःच त्यातलं काही इंधन जाळते. प्रक्रिया तीच, फक्त एकाच्या वहीत वाढ दिसते आणि दुसऱ्याच्या वहीत घट.

‘खप’ म्हणजे नक्की काय?

देशाचा पेट्रोल-डिझेलचा खप दर महिन्याला जाहीर होतो. हा आकडा गाड्यांच्या टाक्यांवरून येत नाही. देशभरच्या कोट्यवधी टाक्या कोण मोजणार? तेल कंपन्यांची विक्री म्हणजेच खप, असा हिशोब धरतात. त्यात काही उद्योगांनी थेट आयात केलेला मालही मिळवतात. म्हणजे डेपोतून निघून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पोचलेलं डिझेल कागदोपत्री संपलेलं असतं, ट्रॅक्टरमध्ये ते पुढच्या आठवड्यात का जाईना. दरवाढीची कुणकुण लागली की पंपवाले टाक्या काठोकाठ भरून घेतात आणि त्या पंधरवड्यात देशाचा ‘खप’ उडी मारतो. मार्च २०२२ मध्ये, पाच राज्यांच्या निवडणुका संपून दर वाढणार अशी चर्चा असताना, हेच घडलं होतं.

तरीही हा आकडा मला फार आवडतो, कारण त्यात देशाचं वर्ष दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये डिझेल खाली येतं: शेतातले पंप बंद, ट्रकांच्या खेपा कमी. डांबर तर पावसात पार बसतं आणि रस्त्यांची कामं जोरात असतात तेव्हा, मार्चच्या सुमारास, वर चढतं. एप्रिल २०२० चा तक्ता तर जपून ठेवावा असा आहे. लॉकडाउनच्या त्या महिन्यात एकूण खप आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी कोसळला, विमानाचं इंधन ९० टक्क्यांहून जास्त. आणि स्वयंपाकाचा गॅस? तो वाढला! सगळा देश घरी जेवत होता.

रॉकेलची कहाणी याहून मोठ्या काळाची. २०११ च्या जनगणनेत दर शंभरांतली एकतीस घरं उजेडासाठी रॉकेलवर होती. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ८२ लाख टन रॉकेल विकलं गेलं. २०२३-२४ मध्ये जेमतेम ५ लाख टन. वीज आणि गॅस किती घरांत पोचला याची साक्ष इतक्या थोड्या आकड्यांत दुसरीकडे क्वचितच मिळेल. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्यांना ही घसरण वाचून बरं वाटल्याशिवाय राहणार नाही.

वहीखाते कोणाकडे?

मुख्य हिशोबनीस म्हणजे दिल्लीतला पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेल, पीपीएसी. सरकारने दर ठरवण्याची जुनी पद्धत मोडीत काढली, तेव्हा १ एप्रिल २००२ ला तो सुरू झाला. त्याआधी १९७५ पासून हे काम ऑइल कोऑर्डिनेशन कमिटीकडे होतं. विहिरींवरच्या उत्पादनावर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाची नजर असते. आयात-निर्यातीचा हिशोब कोलकात्याचं वाणिज्य आकडेवारीचं महासंचालनालयही ठेवतं, पण कस्टम्सच्या कागदांवरून. त्यामुळे एकाच महिन्याच्या आयातीचे दोन सरकारी आकडे निघू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

एक आकडा मात्र खोलात जाऊन समजून घ्यायला हवा. ‘भारत ८८ टक्के तेल आयात करतो’ असं आपण सहज म्हणतो. हा आकडा आलेल्या जहाजांच्या मोजणीतून थेट येत नाही. देशाचा स्वतःचा खप घ्यायचा, त्यातला किती भाग देशी तेलातून भागतो ते काढायचं, उरलं ते परावलंबन. बाहेरून कच्चं तेल आणून शुद्ध करून पुन्हा परदेशी विकलेला माल यात धरत नाहीत, आणि तो थोडाथोडका नाही. २०२३-२४ मध्ये आपण ६ कोटी टनांहून जास्त पेट्रोलियम पदार्थ निर्यात केले. म्हणून आयातीची टक्केवारी ऐकली की कशाची टक्केवारी, हे विचारलंच पाहिजे.

या सगळ्याचं वजन अर्थव्यवस्थेत किती? आठ पायाभूत उद्योगांच्या मासिक निर्देशांकात (आधारवर्ष २०११-१२) रिफायनरी उत्पादनांचा वाटा २८ टक्के आहे, विजेचा २० च्या आत. एखादी मोठी रिफायनरी देखभालीसाठी बंद राहिली, तर महिन्याचा निर्देशांक हलतो.

आणि जगाची वही? १९९८ मध्ये जागतिक हिशोबात कोट्यवधी बॅरल तेल कागदावर शिल्लक दिसत होतं, पण ते साठलंय कुठे हे कुणालाच दाखवता येत नव्हतं. अशा गोंधळांवर उपाय म्हणून २००१ मध्ये सहा आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन देशोदेशीची मासिक माहिती एकाच नमुन्यात मागवायला सुरुवात केली. त्यातूनच आजची ‘जोडी’ (JODI) ही व्यवस्था उभी राहिली. आज नव्वदहून अधिक देश तिला आकडे पुरवतात, भारतही. कोण वेळेवर पाठवतं, कोणाचे रकाने पूर्ण भरलेले असतात, याचं मूल्यमापनही होतं. सौदी अरेबिया असो की अमेरिका, प्रत्येक देशाच्या नावापुढे शेरा म्हणून एक हसरा किंवा रुसलेला चेहरा छापतात.